नाकापेक्षा भिंग जड

उंच जागेवरून स्वतःला झोकून देण्याच्या कामी नाशिक जिल्ह्याची परंपरा इतकी प्राचीन आहे की, पाठीला पॅराशूट बांधून विमानातून उडी घेणाऱ्या आधुनिक मंडळींनी आपण काही अघटित करीत आहोत असा आव निदान गोदाकाठी तरी आणू नये. त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीचा डोंगर आहे. तेथे जन्मलेल्या एका बालकाने उगवत्या सूर्यास फळ समजून त्याच्या दिशेने झेप घेतली अशी या मुलखाची श्रद्धा असून, ती झेप खालून वर होती ही बाब लक्षात घेता, केवळ वरून खाली येणाऱ्यांचे कौतुक किती करावे यास आपोआपच मर्यादा पडते. जुन्या नाशकात रंगपंचमीला पेशवेकालीन रहाडी उघडतात, आणि रंगीत पाण्याने भरलेल्या त्या दगडी हौदांत काठावरून धप्पा मारण्यासाठी, एरवी जिन्याच्या दोन पायऱ्या एकदम उतरण्यास न धजणारे गृहस्थही गर्दीत घुसतात. गोदावरीत सूर मारणाऱ्या पोरांना तर कोणत्याच उंचीचे वावडे नाही. या सर्व उड्यांत साम्य एवढेच की, त्यांचे चित्रण करण्याची तजवीज पूर्वी कोणी करीत नसे. अंजनेरीच्या झेपेचा पुरावा म्हणून हनुवटीवरील वज्राची खूण तेवढी शिल्लक राहिली, आणि आजवर ती सर्वांनी विनातक्रार ग्राह्य मानली.

हल्ली असला पुरावा चालत नाही. ज्या महसूल खात्यात आमची हयात गेली, तेथे माणूस समक्ष उभा असला तरी त्याच्या हयातीचा दाखला मागण्याची रीत होती. ती रीत आता सगळ्या जगाने उचलली असून, माणसाने उडी मारली ही गोष्ट गौण आणि तिची चित्रफीत ही मुख्य, असा नवा दंडक पडला आहे. एके काळी फोटो काढल्याने आयुष्य कमी होते असा लोकांचा समज होता. आता फोटो न काढल्यास तेवढे आयुष्य हिशेबात धरले जात नाही, असा समज आहे. दोन्ही समज सारख्याच निष्ठेने पाळले गेले, आणि त्यांपैकी पहिला अगदीच निराधार नव्हता, हे पुढे दिसून येईल.

चित्रणाच्या कामातही नाशिककरांस कोणी शिकवावे अशी परिस्थिती नाही. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 1870 साली त्र्यंबकचा. 1912 साली त्यांनी विलायतेहून विल्यमसन बनावटीचा कॅमेरा आणला, आणि भांडवल घालणाऱ्याची खात्री पटावी म्हणून कुंडीतल्या वाटाण्याला कोंब फुटून त्याचे रोप कसे वाढते, हे एकेक चित्र घेत टिपून दाखविले. 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला, आणि त्यानंतर त्यांनी आपले चित्रपटाचे बिऱ्हाड नाशकास हलविले. त्यांचा कॅमेरा तिकाटण्यावर उभा असे. पात्रांनी त्याच्यासमोर यावे, उजेडात उभे राहावे आणि सांगितल्यावर हलावे, अशी वहिवाट होती. 1917 सालच्या ‘लंकादहना’त मारुतीने समुद्र ओलांडला, परंतु त्यासाठी छायाचित्रकारास समुद्र ओलांडावा लागला नाही. वाटाण्याने तर दिवसच्या दिवस कॅमेऱ्यासमोर काढले, ‘जरा इकडे तोंड करा’ असे त्यास एकदाही सांगावे लागले नाही. विमानातून उडी मारलेल्या माणसाजवळ ही सबुरी नसते. तेरा हजार फुटांवरून सुटलेला मनुष्य ताशी दोनशे किलोमीटरांच्या आसपास वेगाने खाली येतो, पाऊण ते एक मिनिटात त्यास पॅराशूट उघडणे भाग असते, आणि ‘पुन्हा एकदा घेऊ’ म्हणण्याची सोय त्या व्यवहारात मुळीच नाही.

महाराष्ट्रात ही विद्या लोकांच्या नजरेत भरली ती पुण्याच्या शीतल महाजन यांच्यामुळे. 2004 साली त्यांनी उत्तर ध्रुवावर दोन हजार चारशे फुटांवरून उडी घेतली, तेव्हा तेथील तपमान शून्याखाली सदतीस अंश होते. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि 2018 साली त्यांनी थायलंडमध्ये तेरा हजार फुटांवरून चक्क नऊवारी नेसून उडी मारली. नऊवारीची बातमी आमच्या घरी पोहोचली तेव्हा पुरुषवर्गाने उंचीची चौकशी केली आणि स्त्रीवर्गाने काष्ट्याची. अशा उडीचे आकाशातले चित्र पाहताना एक साधा प्रश्न मात्र कोणालाच पडत नाही, तो असा की, हे चित्र काढले कोणी? हवेत खांब नाही, गच्ची नाही, शेजाऱ्याची खिडकी नाही. तेव्हा समोरच्या बाजूने, तितक्याच वेगाने, डोक्यावर कॅमेरा घेऊन दुसरेही कोणी पडत असले पाहिजे. आणि ज्याने उडी मारली त्याचे नाव वर्तमानपत्रात येत असता, ज्याने तीच उडी मारून शिवाय कामही केले, तो मात्र अनामिक राहतो.

या अनामिकांचाही एक इतिहास आहे. अमेरिकेत कार्ल बोएनिश नावाच्या गृहस्थाने हेल्मेटवर कॅमेरा बसवून उड्या मारल्या, आणि 1969 सालच्या ‘द जिप्सी मॉथ्स’ या चित्रपटातली आकाशातली दृश्ये टिपली. चौघांनी हवेत हात धरून आकृत्या करण्याच्या ज्या स्पर्धा होतात, त्यांत परीक्षक जमिनीवरून वर पाहून गुण देत नाहीत. पाचवा गडी वरून जे चित्रण करतो त्यावर गुण देतात, आणि पस्तीस सेकंदांत जेवढ्या आकृत्या त्या चित्रात स्पष्ट दिसतील तेवढ्याच धरल्या जातात. चौघांचा पराक्रम पाचव्याच्या भिंगातून न आल्यास तो नामंजूर. पाचव्यासही पदक मिळते, हे ऐकून आम्हांस बरे वाटले. आमच्या कचेरीत नोंद करणाऱ्यास पदक मिळण्याची चाल नव्हती.

हे सर्व ज्ञान आम्हांस स्वेच्छेने झालेले नाही. आमची भाची नोकरीनिमित्त मेलबर्नला असते, आणि आठवडाभर संगणकासमोर बसल्यावर शनिवारी-रविवारी विमानातून उडी मारणे, यास ती विश्रांती म्हणते. अमेरिकेतल्या स्कायडायव्हिंग संघटनेने असा सल्ला देऊन ठेवला आहे की, किमान दोनशे उड्या पदरी पडल्याखेरीज कोणी कॅमेरा घेऊन उडू नये. हा आकडा ओलांडल्यावर भाचीच्या मनात इतरांचे चित्रण करण्याची उमेद उत्पन्न झाली, आणि रजेवर नाशकास आली असता वाइड-अँगल लेन्स येथेच घेऊन जावी असे तिने ठरविले. आमच्याजवळ फार पूर्वी अ‍ॅग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा होता. त्या पुण्याईवर ‘मामांना कॅमेऱ्यातलं कळतं’ अशी जी नोंद कुटुंबाच्या दफ्तरी पडली, ती अद्याप कोणी खारीज केलेली नाही. सबब हे प्रकरण आमच्याकडे अभिप्रायार्थ आले.

“मामा, दहाची घेऊ का सोळाची?” तिने विचारले.

“सोळाचीच घे,” स्वयंपाकघरातून तिची आई, म्हणजे आमची अक्का, म्हणाली. “स्वस्तातलं टिकत नाही.”

हे आकडे हजारांचे नसून मिलिमीटरांचे होते. भिंगाचा मिलिमीटरचा आकडा जितका लहान, तितका त्याचा दृष्टीचा कोन मोठा. आणि दृष्टी विशाल करावयाची तर आकडा खाली आणावा लागतो, ही गोष्ट अक्काच्या हिशेबात बसेना. त्यात आणखी एक मेख होती. भाचीच्या कॅमेऱ्यातला संवेदक जुन्या पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या चौकटीपेक्षा दीडपटीने लहान, त्यामुळे दहाचे भिंग त्यावर पंधराच्या तोलाचे वागते आणि सोळाचे चोवीसच्या. सातबाऱ्यावर एक क्षेत्र आणि प्रत्यक्ष कब्जा निराळाच, हा प्रकार आम्हांस परिचित असल्यामुळे एवढा भाग आम्हांस तत्काळ समजला, आणि आमच्याविषयीचा आदर दृढ झाला.

आमचे प्रथमदर्शनी मत अर्थातच दहाच्या बाजूने पडले. अधिक दिसत असता कमी का घ्यावे? किंबहुना ‘सगळे आले पाहिजेत’ हे महाराष्ट्रीय कुटुंबाचे छायाचित्रणविषयक एकमेव तत्त्व आहे. तिवंध्यातल्या आमच्या जुन्या वाड्याच्या चौकात लग्नाचे वऱ्हाड उभे केले म्हणजे छायाचित्रकाराची पाठ भिंतीला लागे, तरी दोन्ही टोकांचे व्याही चौकटीबाहेर राहत, आणि पुढे पंधरा-वीस वर्षे तो विषय निघे. कोणाच्या तरी विशालकोनी भिंगाने तो प्रश्न सुटला, परंतु त्या भिंगाची खोड अशी की, चौकटीच्या कडेला उभ्या असलेल्यास ते आडवे ताणते. त्यामुळे टोकाचे व्याही चित्रात आले खरे, पण आले ते दुप्पट रुंदीचे, आणि विषय निघावयाचा थांबला नाही. एवढा अनुभव गाठीशी असूनही, जास्त मावणे म्हणजे जास्त मिळणे, ही आमची श्रद्धा अढळ होती.

भाचीने कागद घेतला आणि दोन त्रिकोण काढले. सोळाचे भिंग लावून तीन मीटरांवरून पाहिले असता सुमारे साडेचार मीटर रुंदीचा पट्टा चौकटीत येतो. प्रशिक्षकाच्या पोटाशी बांधलेला हौशी गिऱ्हाईक, त्याचे पसरलेले हात आणि थोडे आकाश, एवढा ऐवज त्यात नीट मावतो. दहाचे भिंग लावले तर त्याच अंतरावरून सात मीटरांहून अधिक रुंदी येते, म्हणजे माणसे लहान आणि रिकामे आकाश मुबलक. माणसे पूर्वीएवढीच मोठी हवी असतील, तर चित्रण करणारीने दोन मीटरांच्या आत शिरले पाहिजे. आणि आकाशात रिकाम्या जागेचा तुटवडा नाही. पैसे भरणारे गिऱ्हाईक रिकामी जागा पाहण्यासाठी पैसे भरीत नाही.

“मग लांबच राहा आणि लांबचं जवळ दाखवणारं भिंग घे,” आम्ही तडजोड सुचविली.

तीही टिकली नाही. कॅमेरा हातात नसून डोक्यावर असतो, नेम मानेने धरावा लागतो, आणि अरुंद भिंगातून पाहताना मान एक अंश जरी हलली तरी गिऱ्हाईक चौकटीतून पसार होते. विशाल भिंग या बाबतीत मनाने मोठे: नेम थोडा चुकला तरी माणूस चौकटीत राहतो, थरथर फारशी जाणवत नाही, आणि जवळचे-दूरचे सारेच रेखीव येते. म्हणजे ते एका हाताने नजरेची चूक माफ करते आणि दुसऱ्या हाताने अंतराचा दंड वसूल करते. हे ऐकल्यावर आम्ही चष्मा काढून पुसला. विशाल दृष्टीची थोरवी आम्ही आजवर पुष्कळ व्याख्यानांतून ऐकली होती, परंतु दृष्टी जितकी विशाल तितके माणसाच्या जवळ जावे लागते, नाही तर त्या विशालतेत समोरचा माणूस दिसेनासा होतो, ही तिची अट एकाही वक्त्याने सांगितलेली नव्हती.

आता हे जवळ जाणे किती सोपे? दोघेही ताशी दोनशे किलोमीटरांनी खाली येत असता त्यांच्यातले अंतर दोन मीटरांवर कायम ठेवणे, हे मुख्य काम. जड मनुष्य लवकर पडतो, हलका रेंगाळतो. म्हणून चित्रण करणाऱ्याच्या पोशाखाला बाहूंपासून कमरेपर्यंत कापडी पंख शिवलेले असतात, ते पसरून गती कमी करावयाची, आवळून वाढवावयाची. पडणाऱ्या माणसाच्या पाठीवर हवेचा आधार नसतो, नुसती खळबळ असते. वरून चित्रण करताना त्या पट्ट्यात कोणी शिरला तर तो थेट खालच्याच्या अंगावर आदळतो. डोळ्यासमोर वर्तुळे कोरलेली एक काच हेल्मेटला अडकवितात, म्हणजे भिंगाचे तोंड कोठे आहे ते कळते. हात उडण्यात गुंतलेले, म्हणून कॅमेऱ्याचा खटका दातांखाली धरावा लागतो, आणि प्रत्येक चित्र शब्दशः दातओठ खाऊन घ्यावे लागते. एवढ्या बंदोबस्तात फोकस जुळवीत कोण बसणार? तो जमिनीवरच कायम करून त्यावर चिकटपट्टी मारतात. आम्ही ज्यास बारकाईचे यंत्र समजत होतो, त्यावर आकाशात जाण्यापूर्वीचा अखेरचा संस्कार चिकटपट्टीचा असतो, हे जाणून मनावरचे पुष्कळ ओझे उतरले.

महात्मा गांधी मार्गावरील एका दुकानात आम्ही दोघे गेलो. दुकानदाराने मखमलीवर भिंगे मांडली. भाचीने त्यांतून पाहिलेच नाही. तिने दहाचे भिंग उचलले, त्याच्या कडेवरून तर्जनी सावकाश फिरविली, जेथे नख अडकले तेथे थांबली, पुन्हा उलट दिशेने फिरविली, आणि मग ते हेल्मेटच्या उंचीवर कपाळाशी धरून मान वरखाली केली. दुकानदार आमच्याकडे पाहू लागला. पॅराशूट उघडताना दोऱ्या डोक्यावरून सुटतात, आणि भिंगाच्या ज्या कंगोऱ्यात नख अडकते त्यात दोरीही अडकू शकते. म्हणून शहाणी माणसे हेल्मेटला एका ओढीत सुटणारी कळ लावतात, वेळ आली तर कॅमेऱ्यासकट हेल्मेट फेकून देता यावे यासाठी. हा तपशील दुकानदारास ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

“लग्नाची कामं घेता का, ताई?” त्याने अदबीने विचारले.

“नाही. उड्यांची.”

“रहाडीच्या?” त्याचा चेहरा उजळला. “मग पाणी जाणार नाही असं कव्हर देतो ना!”

कव्हरची आवश्यकता नव्हती. सोळाचे भिंग बुटके, चपटे आणि गुळगुळीत निघाले. नख कोठेच अडकले नाही. वजनाचाही मुद्दा होता, कारण पॅराशूट उघडताना शरीरास जो हिसका बसतो तो मानेला भिंगासकट सोसावा लागतो. भिंग खिशास परवडते की नाही हे आम्ही विचारले. मानेस परवडते की नाही हे तिने पाहिले.

तिने मेलबर्नला मित्रांकडून उसनी भिंगे घेऊन काढलेली चित्रे त्याच रात्री कुटुंबास दाखविण्यात आली. दहाच्या भिंगाने अगदी जवळून टिपलेल्या एका गिऱ्हाइकाचे नाक चौकटीत प्रथम आले, आणि त्यामागून यथावकाश तो स्वतः. वाऱ्याने त्याचे गाल कानांच्या दिशेने रवाना झाले होते. “याच्या आईनं हे पाहिलंय का?” एवढेच अक्काने विचारले. नाकाचा दोष आम्ही भिंगावर ठेवला, तेव्हा भाचीने खुलासा केला की, भिंग निरपराध आहे. नाक डोळ्यांपेक्षा कॅमेऱ्याच्या जवळ असते, आणि आपणच फार जवळ गेल्यामुळे तो फरक मोठा दिसतो. जवळ गेल्यावर माणसाचे नाक मोठे दिसते, हा अनुभव नात्यागोत्यात पुष्कळांस असतो, आणि तेथेही दोष दुसऱ्याच कशावर तरी ठेवला जातो.

मग चलच्चित्रे निघाली. ती हेल्मेटवरच्या काडेपेटीएवढ्या कॅमेऱ्याची, आणि त्याच्या माशाच्या डोळ्यासारख्या भिंगाने सरळ रेषा म्हणून सरळ ठेवली नव्हती. क्षितिज चौकटीच्या वरच्या अर्ध्यात असले की ते घुमटासारखे फुगे, आणि आमचे मेहुणे “पाहा, पृथ्वी गोल!” म्हणून ओरडत. भाचीने मान वर केली, क्षितिज खालच्या अर्ध्यात गेले, आणि तीच पृथ्वी परातीसारखी खोलगट झाली. तेव्हा मेहुणे गप्प बसले. तेरा हजार फुटांवरून पृथ्वीची गोलाई साध्या डोळ्यास जाणवत नाही, ती भिंगाची देणगी आहे, असे सांगूनही त्यांचे समाधान झाले नाही. खोलगट पृथ्वी त्यांनी भिंगाच्या नावे टाकली आणि घुमटाकार पृथ्वी विज्ञानाच्या नावे जमा केली.

एक गोष्ट मात्र आम्ही त्या रात्री तिला मुद्दाम सांगितली. 1988 साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात, शेकडो उड्या पदरी असलेला एक गृहस्थ चित्रणाची अवजड सामग्री अंगावर चढवून विमानाबाहेर पडला; पॅराशूट बांधावयाचे राहून गेले होते. कॅमेरा त्याच्यासोबत अखेरपर्यंत चालू होता. फोटोने आयुष्य कमी होते असे म्हणणाऱ्या आजीबाईंस आम्ही लहानपणी हसलो होतो. भाची म्हणाली, “मामा, ही गोष्ट आम्हांला पहिल्याच दिवशी सांगतात.” आणि दोनशे उड्यांचा तो सल्ला कशासाठी आहे हे आम्हांस अधिक विचारावे लागले नाही: दोनशे वेळा उडी मारल्यावर उडीची सवय अंगात इतकी मुरावी की, लक्ष भिंगाकडे गेले तरी हात पट्ट्यांकडे जावेत.

प्रकरण निकाली काढताना आम्ही खालीलप्रमाणे शेरा मारला. अर्जदार सध्या तीन मीटरांवर स्थिर राहू शकते. दोन मीटरांवर राहू शकते असे ती स्वतःही म्हणत नाही. भिंग हे माणसाच्या आकांक्षेवरून न निवडता, तो आज दुसऱ्याच्या किती जवळ जाऊन टिकू शकतो यावरून निवडावे, हे या कामी दिसून आलेले तत्त्व होय. सबब सोळाचे भिंग मंजूर. दहाची मागणी फेटाळलेली नसून, अर्जदाराने मधला एक मीटर कमावून आणल्यावर फेरविचारार्थ ठेवावी. चित्रात विमान दिसत नाही ही अक्काची हरकत, विमान चित्रापूर्वीच सोडलेले असते या कारणास्तव नामंजूर. मेहुण्यांचा पृथ्वीविषयक दावा मुदतबाह्य. अट एकच: भिंगाचे झाकण काढण्यापूर्वी पाठीवरील पॅराशूटची हाताने रुजुवात करावी, आणि तशी ती केल्याचे प्रत्येक वेळी आईस कळवावे.

हा हुकूम आम्ही अक्कापुढे सहीसाठी ठेवला. तिने त्यातली अट तेवढी दोनदा वाचली, आणि बाकीच्या मजकुरावर न वाचताच सही केली.